मोत्याचा मालक हयात आहे

१० मार्च २०२४, शहादा

आज जेवताना मी जाहीर करून टाकलं की मला आमच्या दागिन्यांच्या दुकानात बसायचं आहे.

श्रेणिकच्या घशात पापड अडकला. (नवऱ्याला डायरीत नावानं लिहिते, समोर 'अहो' म्हणते.) बाबूजी, म्हणजे माझे सासरे, शांतपणे म्हणाले की तीन पिढ्यांत आपल्या गादीवर बाई बसलेली नाही. मी म्हटलं, तीन पिढ्यांत घरात गीझरही नव्हता. लेक रिंकू लोणखेड्याच्या कॉलेजात जाते, दहाला माझं घरकाम आटोपतं, त्यानंतर मी काय मटार सोलत बसू? वर हेही सांगितलं की मोबाईलवर एक बाई हौदात मोती पिकवताना बघितली आहे. मीही पिकवीन आणि तेच विकीन.

बाबूजींना हसू आलं आणि हसण्याच्या भरात ते बोलून गेले. पुढच्या वर्षीच्या धनतेरसपर्यंत घरात पिकलेला एक मोती माझ्या तळहातावर ठेव, दुकानातली डावीकडची काचपेटी तुझी. व्यापाऱ्याचा शब्द आहे. आमच्याकडे शब्द दिला की सौदा झाला, मग भाव पडो की चढो.

सासूजींनी फक्त एवढंच विचारलं की डावीकडची म्हणजे गल्ल्याजवळची की आरशाजवळची. त्यांना प्रत्येक गोष्टीत चौकशी. दुकानाची पायरीसुद्धा कधी चढल्या नाहीत, त्यांना काय करायचं आहे?

आनंदाच्या भरात दोनदा वाढलेला भात खायचाच राहिला.

१९ मार्च

विसरवाडीला जाऊन आले. हायवेच्या फाट्यापासून आत रेवजीभाऊंचं शेततळं आहे, तिथे मोती पिकवण्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण. रेवजीभाऊ म्हणजे बोलण्याचा धबधबा. टोपी, गॉगल, आणि दर पाच मिनिटांनी 'बरोबर ना ताई?'

काल त्यांनी मोती कसा होतो ते सांगितलं आणि माझी आजवरची समजूत पार धुऊन निघाली. आमच्याकडे सगळे मानतात की स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो. बाबूजी गिऱ्हाइकालाही तेच सांगतात. रेवजीभाऊ म्हणाले, थेंब नाही आणि वाळूचा कणही नाही. शिंपला जन्मभर चिखलातच राहतो, वाळू तो थुंकून टाकतो. पण एखादा बारीक किडा आत घुसला, किंवा अंगावरच्या पातळ पडद्याला इजा झाली, आणि ते खुपणारं काही बाहेर काढता आलं नाही, तर तो काय करेल? हात नाहीत, पाय म्हणावा तर नुसता मांसाचा गोळा. मग ज्या द्रवापासून तो आपल्या घराची आतली चकचकीत भिंत बांधतो, तोच त्या खुपणाऱ्या गोष्टीवर चढवतो. थरावर थर, वर्षानुवर्षं. तो मोती.

म्हणजे मोती म्हणजे बोलून न दाखवलेला त्रास. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, या हिशोबानं माझ्या पोटात बसऱ्याच्या मोत्यांची दुपदरी माळ निघेल.

आपोआप घुसलं तर नैसर्गिक मोती, माणसानं घातलं तर संवर्धित. थर दोन्हीकडे शिंपल्याचाच, त्यामुळे दोन्ही खरे. आपण फक्त त्रास नेमून द्यायचा.

आज तो नेमून दिला. शिंपल्याच्या भुकटीचा छोटा साचा असतो. शिंपला बोटभर उघडायचा, पडदा अलगद सोडवायचा, साचा आत सरकवायचा. मी मंगलकलशाचे आणि कमळाचे साचे घेतले. पहिल्या शिंपल्याला चिमटा लावताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग स्वतःला समजावलं की रिंकूचे कान टोचले तेव्हाही ती रडली होती आणि आज झुमके घालून मिरवते. त्यानंतर हात सरावला.

दुपारनंतर शेवटचा तास 'काढणी'चा होता. तो मी चुकवला. तीनची एसटी सोडली असती तर सूर्यास्ताच्या आत घरी पोचून जेवण झालं नसतं, आणि अंधारानंतर आम्ही जैन जेवत नाही. काढणीत शिकण्यासारखं काय असणार? पिकलं की काढायचं. निघताना रेवजीभाऊ ओरडले की चांगली सुरी घेऊन ठेवा. म्हटलं घरात डझनभर आहेत, जाळीच्या दोऱ्या तोडायला कुठलीही चालेल.

शिंपले ओल्या पोत्यात घालून आणले. कंडक्टरनं विचारलं काय आहे. मी म्हटलं दागिने. तो उठून पुढच्या सीटवर जाऊन बसला.

२२ मार्च

शिंपले मागच्या अंगणातल्या जुन्या हौदात, निंबाखाली. जाळीच्या पिशव्यांत, दोरीला टांगलेले. हौदासमोर उभी राहून मी अर्धा तास नुसती हसत होते.

सासूजी आल्या, वाकून बघितलं, आणि मारवाडीत म्हणाल्या, "बेइंद्रिय जीव है, बीनणी. बोल कोनी सके, पण दुख तो हुवे." बीनणी म्हणजे सून, आणि बोलता येत नसलं तरी जिवाला दुखतं, हा त्यांचा मुद्दा. शंख, जळू, शिंपला, हे सगळे दोनच इंद्रियांचे जीव, स्पर्श आणि चव, हे त्यांना पाठ. मी म्हटलं, सासूजी, सुनेचीही तीच दोन इंद्रियं चालू ठेवतात. त्या हसल्या नाहीत. आपण यांना पोसतो आहोत, पांजरापोळच समजा, असंही सांगितलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि आत गेल्या.

त्यांना हा उद्योग आवडलेला नाही. बाबूजींचे कान भरणार.

२ एप्रिल

पाच शिंपले गेले. रेवजीभाऊ म्हणतात ऑपरेशननंतर थोडे जातातच. मला फार वाईट वाटलं, जेवण गेलं नाही. निंबाच्या मुळाशी पुरले. सासूजी मागून येऊन नवकार मंत्र म्हणून गेल्या. त्यांच्यासमोर रडले याचाच राग आला.

१४ मे

ऊन म्हणजे नुसती भट्टी. शिंपल्यांना हिरवं पाणी लागतं, त्यातलं शेवाळ ते खातात. लोणखेड्याची दगूबाई दूध घालायला येते, ती आपल्या शेततळ्यातून कॅन भरून आणते. दगूबाईचं घर जमीनदार आहे, दूध ती हौसेनं घालते आणि बातम्या त्याहून हौसेनं.

आज म्हणाली, "तुन्ही सासू रोज सकाय हौदना जोडे बशेल ऱ्हास. त्यासनासंगे काय बोलस, देव जाणे."

सकाळी सकाळी हौदाजवळ बसून काय बोलणार? मोजत असतील, किती मेले ते. मी लक्ष ठेवायचं ठरवलं आहे.

बाकी एक नवल. हौदावरचं पोतं भर दुपारीही ओलंचिंब असतं. मी सकाळी एकदाच भिजवते. रिंकूला विचारलं, ती म्हणे मी नाही. श्रेणिक तर हौद कुठल्या दिशेला आहे हेही सांगू शकणार नाही. वरचा नळ गळत असेल. मे महिन्यात शहाद्यात गळका नळ मिळणं म्हणजे माझं नशीबच जोरावर आहे.

३० सप्टेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. शिंपल्यांच्या घरात काही घडत नाही. ते फार कमी बोलतात, त्यांच्या वाट्याचं मी बोलते.

रात्रीच्या आरतीआधी सासूजींची रोजची उलटतपासणी असते. आज दुकानातून काय गेलं, कुणी काय बघितलं, कोण न घेता परत गेलं. श्रेणिक बिचारा शाळेत पाढे म्हणावे तसा सांगतो. काल म्हणाल्या की ती मीनाकाम केलेली बाली आरशाजवळ ठेवा, बाईला आधी आपल्या कानात बघायची असते. आज ती गेली. बाबूजी जेवताना सांगत होते की मला एकदम सुचलं, आरशाजवळ ठेवली. सासूजी वाढत राहिल्या. आमटीत मीठ मात्र आज जरा जास्त होतं.

या वयात देवधर्म सोडून दुकानात इतका जीव कशाला?

९ फेब्रुवारी २०२५

आज एका पिशवीतला शिंपला उचलून कानाला लावला. आतून काही ऐकू आलं नाही, पण मला खात्री आहे की कलशावर थर चढतो आहे. मी दुकानात जाऊन डावीकडच्या काचपेटीची काच पुसून आले. बाबूजींनी चष्म्यावरून बघितलं. मी म्हटलं, आत्तापासून सवय करते आहे.

स्वप्नं अशी पडतात की वाटतं उठून नाचावं. काल तर नाचलेही, स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीवर. रिंकूनं चित्रफीत काढली आहे, ती मी पुसून टाकायला लावणार.

२२ ऑगस्ट

पर्युषण चालू आहे.

आज रेवजीभाऊंनी प्रशिक्षणाच्या ग्रुपवर चित्रफीत टाकली. 'आमची काढणी.' माणूस शिंपला हातात घेतो, सुरी घालतो, दोन्ही झाकणं फाडून उघडतो. मोती काढून वाटीत टाकतो. उरलेलं बादलीत. पुढचा शिंपला. बादली भरते.

मी तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा फक्त बादलीकडे.

रेवजीभाऊंना फोन केला. ते म्हणाले, ताई, दुसऱ्या दिवशी दुपारी तेच तर शिकवलं, तुम्ही तीनच्या गाडीनं गेलात. आणि ते खरंच आहे. अहिंसा पाळायला मी लवकर निघाले, आणि हिंसेचा धडा तेवढा बुडाला.

श्रेणिकला विचारलं, तुम्ही वीस वर्षं मोती विकता, तुम्हाला ठाऊक नव्हतं? त्यानं प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला की मला वाटायचं, पिकला की शिंपला तोंड उघडून देतो. मी हसत सुटले. हसता हसता रडू आलं, कारण मलाही तसंच वाटायचं. तीन पिढ्यांचं मोत्यांचं दुकान, आणि कुणीही कधी विचारलं नाही की मोती दिल्यावर शिंपल्याचं काय होतं.

आज जेवले नाही. उपवासच असल्यामुळे कुणाला कळलं नाही.

२४ ऑगस्ट

सासूजींना सांगितलं. त्यांनी जपमाळ बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "म्हैं जाणती ही."

माहीत होतं! लग्नानंतर पाच-सात वर्षांनी एका साध्वीजींनी सांगितलं, तेव्हापासून त्यांनी मोती अंगाला लावला नाही. मी समजत होते की आपली मोत्यांची दुपदरी माळ त्या माझ्या नणंदेसाठी जपून ठेवताहेत. मग मला दीड वर्ष का नाही सांगितलं, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

त्यांनी हळूच उत्तर दिलं. "तू काचपेटी मागितली होतीस. मला बघायचं होतं, मिळते का."

म्हणजे गंमत बघत होत्या. सून तोंडावर कशी आपटते ते. मी उठून निघून आले. आठ दिवस बोलणार नाही असं ठरवलं आहे.

२७ ऑगस्ट

आठ दिवस कुठले, आज संवत्सरी. वर्षभराच्या चुकांची माफी मागायचा दिवस. आधी सासूजींच्या पाया पडले, मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. त्यांनीही हात जोडले. मग मी हौदावर गेले आणि प्रत्येक पिशवी वर काढून प्रत्येक शिंपल्याची वेगळी माफी मागितली. चिमट्यासाठी, साच्यासाठी, एसटीतल्या धक्क्यांसाठी. कंबर मोडली. पण अंगावरून ओझं उतरलं, इतकं की जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले.

ठरलं. एकही शिंपला उघडणार नाही. ज्याला जेव्हा आपल्या मरणानं जायचं असेल तेव्हा जाईल, मोती मागे ठेवून. रेवजीभाऊंना विचारलं की तोवर किती थांबावं लागेल. ते म्हणाले ताई, काही शिंपले वर्षानुवर्षं जगतात, आणि पहिल्यांदाच 'बरोबर ना ताई?' न विचारता त्यांनी फोन ठेवला.

काचपेटी मात्र गेली. धनतेरसला हातावर ठेवायला काही नाही. मला ती फार हवी होती.

६ ऑक्टोबर

सासूजींच्या गुडघ्याचा एक्स-रे काढायला गेलो होतो. फिल्म उजेडाला धरून त्या रिक्षात बघत बसल्या. निम्म्या वाटेत म्हणाल्या, माणसाच्या मांसातून हाड दिसतं, तर शिंपल्यातून मोती का दिसू नये?

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांचा गाल धरून पापा घेतला. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

७ ऑक्टोबर

आजच्यासारखा दिवस आयुष्यात आला नाही.

स्टीलचा डबा, त्यात हौदाचं पाणी, पाण्यात एक तगडा शिंपला. दवाखान्यात रांगेत बसलो. शेजारच्या आजोबांनी विचारलं, डब्यात काय? सासूजी म्हणाल्या पेशंट.

एक्स-रे काढणाऱ्यानं आधी हात जोडले, मग पोट धरून हसला, मग तयार झाला. पेशंटचं नाव विचारल्यावर सासूजी म्हणाल्या माझंच लिहा. याला त्रास तर होणार नाही ना, असं मी विचारायच्या आधी त्यांनीच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, कालच मी स्वतः काढून घेतला, मला काही झालं नाही. त्यासाठीच तर त्यांनी तो काढला होता. गुडघा दुखत नव्हता म्हणे.

फिल्म आली. शिंपल्याची धूसर सावली, आणि तिच्या आत, एका कडेला, लख्ख पांढरा मंगलकलश. नारळाच्या टोकासकट.

आम्ही दोघी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून लहान मुलींसारख्या हसलो. डबा मांडीवर हिंदकळत होता. घरी आल्यावर शिंपला पुन्हा हौदात सोडला आणि सासूजींनी पोतं ओलं केलं. इतक्या सराईतपणे केलं की मी विचारलं, नळ गळत नव्हता ना? त्या म्हणाल्या, कुठला नळ.

१८ ऑक्टोबर, धनतेरस

बाबूजींनी सकाळी दुकानातल्या पूजेनंतर सगळ्यांसमोर तळहात पुढे केला. मी डबा उघडला आणि ओला, जिवंत शिंपला त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी विचारलं मोती कुठे आहे. मी म्हटलं, "मोती तुमच्याच हातावर आहे, बाबूजी. पण त्याचा मालक अजून हयात आहे."

मग फिल्म दिली. त्यांनी ती ट्यूबलाइटला धरली, उलटी केली, डोळ्याला भिंग लावलं. दागिना पारखताना होतो तसा त्यांचा चेहरा दगडाचा झाला. शिंपल्यानं बाबूजींच्या तळहातावर थोडं पाणी सोडलं. ते दचकले, पण हात मागे घेतला नाही.

गिऱ्हाइकाला विकणार काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं मोत्यासाठी गिऱ्हाइकाचं नाव लावून घेईन, मालक आपल्या मरणानं गेला की मिळेल, तोवर थांबायची तयारी असेल त्यानंच लावावं. आणि तोवर काचपेटीत चांदी विकीन. बाबूजींनी फिल्म बाजूला ठेवली. मग दोन्ही हातांनी शिंपला डब्यात परत ठेवला आणि म्हणाले, "बैठ जाओ, बीनणी."

मी बसले. गादी मऊ होती. हे लिहिण्यासारखं नाही, पण लिहिते.

सासूजी डबा सांभाळायला म्हणून सोबत आल्या होत्या आणि पायरीच्या खालीच उभ्या होत्या. मी म्हटलं, तुम्ही पण या ना, गुडघे दुखतील. त्या म्हणाल्या गुडघे ठीक आहेत. मग डावं पाऊल उचललं, थांबल्या, आणि पायरी चढल्या. माझ्या शेजारी टेकल्या. दुकान बघत राहिल्या. प्रत्येक कप्पा, प्रत्येक आरसा, जणू ऐकून ऐकून पाठ झालेलं घर आज बघायला मिळालं.

पहिलं गिऱ्हाईक दगूबाई. "मन्ही नातले फुली दखाड. हलकी नको, रोज घालानी शे." मी काचपेटीचं कुलूपच उघडू शकेना, किल्ली उलटी लावली होती. तोवर सासूजींचा हात माझ्यावरून पुढे गेला. फुली, म्हणजे नातीसाठी नाकातली चमकी, कुठल्या कप्प्यात आहे हे त्यांनी विचारलं नाही. दोन काढल्या, एक दगूबाईच्या बोटावर ठेवली, आरसा तिच्याकडे वळवला, आणि पोरीचं नाक कसं आहे, रंग कसा आहे, असं काहीतरी अहिराणीत विचारत राहिल्या. दगूबाईनं दोन्ही घेतल्या.

बाबूजी गल्ल्यावरून बघत होते. इतकी वर्षं मी त्या उलटतपासणीला किती नावं ठेवली. ही बाई रोज रात्री तेवढ्यापुरतीच दुकानात येत होती, आणि मला वाटायचं की चौकशा करते.

दुपारी गर्दी उसळली. चार वाजता सासूजींनी मला मागच्या खोलीत नेलं, जेवणाच्या डब्यातल्या पोळ्या काढल्या आणि समोर बसवून पोटभर खाऊ घातलं. स्वतःही जेवल्या. इतक्या लवकर का, ते मला कळलं नाही.

सूर्य कलायला लागला तेव्हा बाबूजी उठले. सूर्यास्ताआधी जेवायला घरी जायची वेळ. त्यांनी सवयीनं सासूजींना म्हटलं, चला, ताट वाढायला. श्रेणिकही उठला.

सासूजी एका बाईला पैंजण दाखवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "थे जाओ. रसोई ढक्योड़ी है, परोस लीजो. म्हे दोन्यूं अठे हां."

स्वयंपाक झाकून ठेवला आहे, वाढून घ्या, आम्ही दोघी इथेच; चार वाजताच्या पोळ्या मला आत्ता कळल्या. बाबूजींनी चपला घातल्या, श्रेणिकला म्हणाले आमटी कुठल्या पातेल्यात असते तुला ठाऊक आहे का, आणि दोघे घराकडे निघाले. सासूजींनी गल्ल्याकडे एकदा बघितलं, सरकून तिथे जाऊन बसल्या, आणि मला म्हणाल्या की दिवा लाव.